‘भाबडं कौतुक’ म्हणणाऱ्या वाचकास

धावपटू हिमा दासवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “२०१९च्या पाच सुवर्णांचं कौतुक भाबडं आहे. त्या किरकोळ स्पर्धा होत्या. चारशे मीटरची वेळ घसरली, त्यावर एक ओळ नाही. आणि पाचही पदकं चेकमधली, हे चूक आहे.”

शेवटचं मान्य. पोझनान आणि कुत्नो पोलंडमध्ये आहेत. लेखात दुरुस्ती केलीय.

पण “भाबडं”? ओळखपाळख नसलेल्या बाईच्या दारात येऊन असं बोलायची रीत आमच्या खानापुरात तरी नाही. “जरा जास्त झालं” म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं. भाबडं म्हणे! मी दहावीपर्यंत चारशे मीटर पळालेय, अनवाणी, तांबड्या मातीत. तालुक्याच्या स्पर्धेला आदल्या रात्री पाऊस झाला, लेनच्या रेघांची फक्की वाहून गेली. वळणावर माझी लेन कुठली नि शेजारणीची कुठली, पंचांनाही सांगता येईना. दोघी आदळलो. “चालतंय की, पळा,” एवढंच म्हणाले. गुडघ्यावरचा वण अजून आहे. शेवटच्या शंभर मीटरला मांड्यांचे दगड कसे होतात, हे मला कुणी शिकवायला नको.

१२ जुलै २०१८ला फिनलंडच्या तांपेरेत तेच शेवटचे शंभर मीटर हिमा मागून येऊन पळाली. शेवटच्या वळणावर पहिल्या तिघींत नव्हती, आणि ५१.४६ सेकंदांत वीस वर्षांखालच्या जगात पहिली! वय अठरा. त्याच स्पर्धेत आपल्याच अ‍ॅथलेटिक्स महासंघाला तिचं इंग्रजी टोचलं होतं, मग माफी मागावी लागली. टोचणारे तेव्हाही होते, आता माझ्या लेखाखाली आलेत.

वेळेचं म्हणाल तर २०१८ला जकार्ताच्या आशियाई खेळांत ५०.७९, पुढच्या जुलैत चेकमधल्या नोव्हे मेस्तोला ५२.०९. आकडे मलाही वाचता येतात हो. मधे एप्रिलमध्ये दोह्याला पाठीच्या दुखण्यापायी प्राथमिक फेरी अर्धवट सोडावी लागली होती. तो विषय मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही. पाचातली चार सुवर्णं दोनशे मीटरची होती, हे मात्र तुम्ही सोयीने गाळलंत.

आणि नाव घालायला काय झालं होतं? “एक वाचक” म्हणे.