‘भूगोल घेऊन करणार काय?’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो. भूगोलात पदवी म्हणजे तीन वर्षं वाया. आर्ट्सचा विषय, राजधान्या आणि नद्या पाठ करायच्या, नकाशे तर आता मोबाइलवर आहेत, शेवटी शिक्षकाखेरीज नोकरी नाही. तो वाचून पालक प्रवेशाचे फॉर्म बदलायला लावतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायलाच हवं.

पाठांतराचं आधी. विद्यापीठात राजधान्या कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला हजाराच्याही खाली. का? सह्याद्री चढताना वारे थंड होऊन पाऊस टाकतात, पलीकडे उतरताना कोरडे पडतात, हे सांगून झालं की खरा प्रश्न येतो. याच कोरड्या बाजूच्या माणदेशातली माणसं मुंबईला जातात त्यात कमी पावसाचा वाटा किती, आणि जमीन, पाणी, बाजार यांचा किती? घोकून याचं उत्तर येत नाही.

‘सगळं मोबाइलवर आहे.’ मोबाइल रस्ता दाखवतो, तेही उत्तम. पण भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, टेबलावर पसरून बघा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस मीटर उंची. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. त्या टोकदार वळल्या आणि टोक चढाकडे असलं तर ओढा, उताराकडे असलं तर डोंगराची सोंड. आता त्यात वस्त्या शोधा. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) ही तिन्ही डोंगरउतारालगतची गावं दरडीखाली गेली. उतार, मातीचा थर, पाऊस, जंगलतोड आणि घरं एकावर एक मांडून पुढची धोक्याची जागा ओळखायला भूगर्भशास्त्रज्ञ हवाच, आणि त्याच्या शेजारी भूगोल शिकलेला माणूसही हवा. हे काम आपल्याकडे फार कमी झालंय, याची खंत वाटते.

‘आर्ट्सचा विषय’ हे तर अर्धवटच. पुणे विद्यापीठात भूगोलात एम.ए. होतं तशी एम.एस्सी.ही होते.

राहिली नोकरी. गावठाणं ड्रोनने मोजून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नद्यांच्या निळ्या-लाल पूररेषा आखाव्या लागतात. नागपूरचं एमआरसॅक (महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र) राज्यातल्या खात्यांना उपग्रहचित्रांवरून नकाशे करून देतं. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक (जागेशी जोडलेल्या) माहितीवरचे निर्बंध सैल केल्यापासून खासगी कंपन्यांचीही वाट मोकळी झाली. या सगळ्यात जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहितीचे थर एकत्र मांडण्याचं तंत्र, लागतं.

इथेच त्या मेसेजमधला एक खरा भाग मान्य करायला हवा: नुसत्या पदवीवर ही कामं मिळत नाहीत. कित्येक कॉलेजांत प्रात्यक्षिक म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेल्या आकृत्या. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा, जीआयएसची लॅब आहे का, क्षेत्रभेटीत मोजमाप करतात की फक्त सहल निघते? लॅब नसली तरी क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, इस्रोचं उपग्रहचित्रांचं भुवन पोर्टल सगळ्यांना खुलं आहे, आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन (उपग्रहांवरून पाहणी) संस्था मोफत ऑनलाइन कोर्स घेते. पहिल्या वर्षापासूनच लागा.