साहेबाच्या गाडीवरची बाज

परवा रविवारी माझ्या सेनापतीची बदली झाली. हुकूम बर्लिनहून आला नव्हता. तो काढला पारोळ्याकडच्या कूलरवाल्या नानांनी, आमच्याच हॉलमध्ये, गवताची जाळी हातात धरून.

मी आणि माझा भुसावळचा मित्र छोट्या सैन्यांची लढाई खेळतो. टेबलावर मातकट कापड, १:१०० मापाचे रणगाडे, मोजपट्टी आणि फासे. युद्ध १९४१-४२चं, उत्तर आफ्रिकेतलं. मित्राने आधी येऊन ब्रिटिश बाजू पटकावली, म्हणून जर्मन माझ्या गळ्यात पडले. वाळवंटाचं वातावरण जळगावचा मे महिना फुकट पुरवतो. बायको या सगळ्याला 'ते तुमचं' म्हणते. त्यापुढे नाम ती लावत नाही.

आमच्या नियमात सेनापतीच्या गाडीला फार महत्त्व. ती जवळ असली तर पळत सुटलेल्या तुकडीला पुन्हा एकदा फासा टाकता येतो. म्हणून ती एका नजरेत ओळखू यायला हवी. इथेच माझे तीन आठवडे गेले.

गाडी निवडली ती रोमेलची, म्हणजे आफ्रिकेतल्या जर्मन सेनापतीची. पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखा पट्टा, आणि बाजूला ठळक अक्षरांत नाव: 'ग्राइफ'. (गाडीवर नाव घालायची हौस आपल्याकडच्या ट्रॅक्टरवाल्यांनाच असते असं नाही. रोमेल आमच्या रावेरात जन्मला असता, तर त्याखाली 'आईचा आशीर्वाद' आणि एक लिंबू-मिरचीही आली असती.) खरी गाडी साडेचार मीटरची, माझी साडेचार सेंटिमीटरची. तिच्या डोक्यावर वायरलेससाठी आडवी, चौकटीसारखी अँटेना असते. ती मी तांब्याच्या तारेची केली. चिमट्याने वाकवली, सहा पायांवर उभी केली, एकदा शिंक आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून केली. रंग ४४ अंशांत ब्रशवरच वाळत होता, म्हणून डब्यात ओला स्पंज, त्यावर बटरपेपर आणि त्यावर रंग, असा थाट मांडला. बोनेटवर नकाशा. दारात दुर्बीण घेतलेला अधिकारी. त्याच्या गळपट्टीला लाल ठिपका दिला, तो देताना मी श्वास घेतला नव्हता.

एवढं करून टेबलापासून तीन फूट मागे सरकलो, तर ठिपका गायब, नकाशा गायब, अधिकारी म्हणजे जिरं. खेळणारा माणूस तीन फुटांवरूनच बघतो, हे मला तीन आठवड्यांनी आठवलं. लांबून दिसत होती फक्त अँटेना. म्हटलं, हरकत नाही. तेवढी पुरे.

लढाई रंगात आली आणि कूलरने मान टाकली. नाना आले. जुनं गवत उपसता उपसता त्यांची नजर टेबलावर गेली. ते जवळ आले, उकिडवे बसले, डोळे टेबलाच्या कडेला लावले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, कदर करणारा माणूस अखेर भेटला.

"सर," नाना म्हणाले, "हाई गाडीवर बाज काबर बांधेल शे?"

मी म्हटलं, "बाज नाही नाना, अँटेना आहे. साहेबाची गाडी आहे ती."

"साहेबनी बदली व्हई गयी का?"

मित्र भुसावळी माणूस, रेल्वेतला. बदली हा शब्द त्याच्या काळजातला. तो इतका हसला की त्याच्या दोन तोफा आडव्या झाल्या. मी नानांना वायरलेस समजावला, चौकट समजावली, पोलिसांच्या गाडीवरही तार असते हे सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं, जसं डॉक्टर पेशंटचं ऐकतो. मग म्हणाले, "बाज ली जाणारा साहेब मी आजून देखा नही."

"बरं, मग साहेब कुठल्या गाडीत असेल, तुम्हीच सांगा."

हे मी विचारायला नको होतं.

नानांनी माझं सगळं सैन्य नजरेखालून घातलं. कडेला एक उघडी, बिनटपाची छोटी मोटार होती. बाकी सगळ्या गाड्यांवर मी धूळ, गंज, तेलाचे ओघळ असं सगळं दोन-दोन तास बसून काढलं होतं. हिच्यापर्यंत येईतो कंटाळा आला, म्हणून ती नुसतीच पिवळी राहिली होती. नानांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हाई शे साहेबनी गाडी. हाई धुयेल शे. बाकीन्या मयेल शेतस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रायव्हर रोज सकाळी धुतो ती साहेबाची गाडी, हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत आहे.

"फक्त सीटवर धवळा टावेल टाकी द्या," नाना म्हणाले, "लगेच वळखाई जाई." आणि त्यांनी नव्या पंपाच्या खोक्यातला पांढरा पातळ कागद नखाएवढा फाडून, थुंकी लावून, त्या मोटारीच्या सीटवर चिकटवलाही. तीन फुटांवरून दिसला. पाच फुटांवरून दिसला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "कोण साहेब आलेत?"

टॉवेलचं मला जरा लागतं, ते सांगून टाकतो. लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, टॉवेल काही उतरला नाही. मी सहा वर्षं प्रभारी आहे. प्रभारी म्हणजे जबाबदारी साहेबाची, पगार आहे तोच. खुर्चीला टॉवेल नाही. एकदा शिपायाला सहज विचारलं, तर म्हणाला, "तो कायम साहेबांना असतो सर." लोक दारातून डोकावतात, माझ्याकडे बघतात आणि मलाच विचारतात, साहेब कधी येतील?

खऱ्या युद्धात म्हणे कारभार उलटा. १९४१ साली रशियन रणगाड्यांत रेडिओ बहुतेक फक्त प्रमुखाकडे असायचा. जुन्या रणगाड्यांत त्याच्या बुरुजाभोवती कपडे वाळत घालायच्या दांडीसारखी अँटेना असायची. जर्मन तोफची बरोबर तीच दांडी शोधून पहिला गोळा तिथे घालायचे. ब्रिटिशांनी काही रणगाड्यांतली तोफच काढली, आत नकाशाला जागा केली आणि बाहेर खोटी नळी लावली, इतरांत मिसळून जावं म्हणून. साहेबपण लपवायला लोकांनी लाकडाच्या तोफा केल्या, आणि मी तीन आठवडे ते दाखवायला झटत होतो.

हे सगळं मी मित्राला सांगत होतो. त्याने शांतपणे मोजपट्टी लावली, ती टॉवेलवाल्या मोटारीकडे, आणि फासा टाकला. सहा.

"सेनापती गेला," तो म्हणाला.

मी उसळलो. ती मोटार स्वयंपाक्याची आहे, सेनापती पलीकडे अँटेनाखाली बसलाय, तीन आठवडे बसलाय. मित्र म्हणाला, "टॉवेल आहे ना?" नाना म्हणाले, "टावेल शे." माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर दोन विरुद्ध एक मतांनी माझा सेनापती मेला. चौथ्या फेरीत सैन्य पळालं. पुन्हा फासा टाकायला कोणी नव्हतं.

नाना नवा पंप बसवून हात पुसत परत आले आणि पुन्हा वाकून अँटेनाकडे बघू लागले. या वेळी मला त्यांचं बघणं आवडलं नाही.

"हाऊ तार मन्हा पंपना शे."

गेल्या उन्हाळ्यात पंप जळाला, तेव्हा जुना पंप ते तांब्यासाठी नेणार होते. मी तो फेकून दिला, असं सांगितलं होतं.

"तुम्हीन त सांगेल व्हतं, पंप फेकी दिधा."

मित्र हसायचा थांबला आणि फासे गोळा करायला लागला. मी पाकिटात हात घालून म्हटलं, नाना, तारेचे काय असतील ते धरा. नानांनी मजुरीचे ३५० घेतले, नोटा मोजल्या, पिशवी उचलली. मी चिमटा घेऊन अँटेना काढायला लागलो, तसं त्यांनी दारातून हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या सर, बाज ऱ्हाऊ द्या. साहेबले झोपाले लागी."