नळी वेगळी, क्रमांक जुळलेले, पत्रही हाती. तरी ‘स्पेशल ऑर्डर’ सिद्ध होत नाही

जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या खरेदी-विक्रीत एक समज सर्रास चालतो. तो असा: कॅटलॉगात नसलेली नळी किंवा फिनिश (वरचा रंग वा मुलामा) दिसली की ते कारखान्याला खास सांगून बनवून घेतलेलं, भागांवरचे क्रमांक जुळले की मूळ स्वरूपातलं, कारखान्याचं जुन्या नोंदींवरून दिलेलं पत्र आलं की वाद संपला, स्पेशल ऑर्डरचं म्हणजे दुर्मिळच, आणि इतकं जुनं असल्यावर कायद्याची कटकट नाही. या समजापायी नवे संग्राहक कापलेल्या नळीला अस्सल तुकड्याची किंमत देऊन बसतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू. उदाहरणं कोल्टच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची आणि स्मिथ अँड वेसनच्या रजिस्टर्ड मॅग्नमची, अशा दोन मॉडेलांची घेतली आहेत, कारण या दोघांत फसवणूक बरीच होते.

‘नळीची लांबी वेगळी, म्हणजे स्पेशल ऑर्डर’

आधी नळी नीट मोजा. सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा पाहा. मग स्टीलच्या पट्टीचं टोक सिलिंडरच्या पुढच्या पृष्ठभागाशी धरून नळीच्या तोंडापर्यंत अंतर घ्या. अनेक जण फ्रेमच्या पुढच्या कडेपासून मोजतात. त्यात फ्रेममध्ये बसलेला नळीचा भाग सुटतो आणि साधीच नळी ‘विचित्र लांबीची’ ठरते.

माप खरंच वेगळं आलं, तर पहिला संशय करवतीचा घ्यायचा. सिंगल अ‍ॅक्शन आर्मीच्या नेहमीच्या लांब्या तीन: ४¾, ५½ आणि ७½ इंच. ४¾ इंची नळीवर कोल्टचा पत्ता दोन ओळींत असतो, कारण तिथे जागा कमी. लांब नळ्यांवर तो एका ओळीत येतो. त्यामुळे ७½ इंची नळी कापून ४¾ इंची केली, की एका ओळीतला लांबलचक पत्ता आखूड नळीवर राहतो आणि सगळं उघड करतो. शिवाय कापल्यावर पुढची साइट (नेम धरण्याचा काटा) नव्याने बसवावी लागते. दहापट भिंगाखाली तिच्या मुळाशी डाकाची बारीक रेघ दिसते, आणि नळीच्या तोंडाची गोलाई कारखान्यासारखी एकसारखी नसते.

इजेक्टर (रिकामी काडतुसं ढकलून काढणारी दांडी) नसलेलं आखूड ‘शेरीफ्स मॉडेल’ तपासताना फ्रेमची उजवी बाजू पाहावी. अस्सल तुकड्याची फ्रेमच इजेक्टरच्या सोयीशिवाय घडवलेली असते. बनावटीत तिथलं भोक वेल्डिंगने बुजवलेलं असतं, आणि केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) रंग त्या जागी तुटतात किंवा मंदावतात.

लांब नळ्यांच्या ‘बंटलाइन’ची गोष्ट वेगळी. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या सुमारास कोल्टने १६ इंची नळीची मोजकी रिव्हॉल्व्हरं बनवली. त्यांचे क्रमांक २८,८०० च्या आसपास येतात. कादंबरीकार नेड बंटलाइनने जुन्या पश्चिमेतला प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प याला १२ इंची कोल्ट भेट दिल्याची कथा मात्र १९३१ च्या एका चरित्रातून पसरली. तशा ऑर्डरचा पुरावा सापडलेला नाही. पुढे १९५७ पासून कोल्टने ‘बंटलाइन स्पेशल’ या नावाने १२ इंची नळी राजरोस कॅटलॉगात विकली. त्यामुळे क्रमांकाच्या शेवटी ‘एसए’ ही अक्षरं असतील, तर ते दुकानात मिळणारं मॉडेल होतं.

रजिस्टर्ड मॅग्नमला तर हा निकष लागूच पडत नाही. १९३५ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा ३½ पासून ८¾ इंचांपर्यंत पाव-पाव इंचाच्या फरकाने हवी ती नळी मागवता येत होती. ५¼ इंची नळी हीसुद्धा तिथे कॅटलॉगातलीच निवड.

‘सगळे क्रमांक जुळतात, म्हणजे मूळ स्वरूपातलं’

युद्धपूर्व स्मिथ अँड वेसनवर क्रमांक मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नळीच्या खालच्या सपाट भागावर, काडतुसं बाहेर काढणाऱ्या ताऱ्याच्या मागे आणि मुठीच्या उजव्या पट्टीच्या आतल्या अंगाला शोधावा. रजिस्टर्ड मॅग्नमवर याशिवाय योकच्या (सिलिंडर बाहेर वळवणाऱ्या भागाच्या) खाचेत ‘रेग’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो मुख्य क्रमांकापेक्षा वेगळाच असणार. ‘इथे क्रमांक जुळत नाही’ म्हणून चांगला तुकडा सोडू नका, आणि दोन्ही जागी एकच आकडा दिसला तर घेऊ नका.

जुळलेले क्रमांक फक्त सुटे भाग बदलले नाहीत एवढंच सांगतात. नंतर पॉलिश केलं का, मुलामा चढवला का, हे त्यांतून कळत नाही. ते ओळखायला ठशांच्या कडा बघा: पॉलिशच्या चाकाने त्या बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, आणि बाजूच्या प्लेटचा जवळजवळ न दिसणारा सांधा ठळक होतो. स्मिथ अँड वेसनच्या निकेल रिव्हॉल्व्हरचा हॅमर आणि ट्रिगर केस-हार्डनिंगच्या रंगाचे राहत. तेही निकेलने चमकत असतील तर मुलामा बहुधा बाहेर चढलेला आहे. मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ पाच टोकांचा तारा असेल, तर ते कामासाठी कारखान्यात परत गेलं होतं. पट्टी काढल्यावर फ्रेमवर महिना-वर्षाचा ठसाही मिळू शकतो. असं काम कारखान्याचंच, पण ती मूळ ऑर्डर नव्हे.

कोल्टच्या ‘आर्टिलरी’ प्रकारात तर नियम उलटा होतो. १८९५ पासून अमेरिकी लष्कराची ७½ इंची रिव्हॉल्व्हरं ५½ इंचांवर आणली गेली, तेव्हा भागांची सरमिसळ झाली. तिथे वेगवेगळे क्रमांक हेच नेहमीचं, आणि सगळे जुळले तर तपास दुप्पट करायचा.

‘कारखान्याचं पत्र आलं, आता वाद नाही’

पत्र क्रमांकाबद्दल बोलतं. तुमच्या हातातल्या लोखंडाबद्दल नाही. नोंदवहीत त्या क्रमांकासमोर कॅलिबर, नळी, फिनिश, पाठवल्याची तारीख आणि कुणाला पाठवलं हे जेवढं लिहिलं असेल, तेवढंच पत्रात उतरतं. एखाद्या बाबीची नोंद नसेल, तर विक्रेता ‘कारकून लिहायला विसरला’ म्हणतो. तसं झालेलं असू शकतं, पण न लिहिलेल्या गोष्टीचे पैसे देऊ नयेत. खरा धोका पुढचा आहे: पत्र आधी मागवून, त्यात लिहिल्याप्रमाणे नळी आणि मूठ शोधून बसवता येते. म्हणून पत्रातली प्रत्येक ओळ हत्यारावरच्या खुणेशी ताडून पाहा.

ग्राहकाची मागणी कशी असे, याचा उत्तम नमुना म्हणजे जुन्या पश्चिमेतला प्रसिद्ध कायदारक्षक बॅट मास्टरसन याने २४ जुलै १८८५ रोजी डॉज सिटीहून कोल्टला लिहिलेलं पत्र. त्याला .४५ कॅलिबर, निकेल, गटापर्चाची (रबरासारख्या कडक पदार्थाची) मूठ, इजेक्टर रॉडएवढी नळी, जरा उंच नि जाड पुढची साइट आणि हलका ट्रिगर हवा होता. नीट पाहा: नळी ४¾ इंचांचीच निघते, आणि हलका ट्रिगर डोळ्यांना दिसत नाही. खास मागणीचा तुकडा दुरून अगदी साधा दिसू शकतो, म्हणून केवळ रूपावरून निवाडा दोन्ही बाजूंनी चुकतो.

‘स्पेशल ऑर्डर म्हणजे दुर्मिळ’

रजिस्टर्ड मॅग्नम सुमारे ५,५०० बनली आणि प्रत्येक ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे. पण ६½ इंची नळी कित्येकांनी मागितली. त्याच लांबीच्या निळ्या रिव्हॉल्व्हरला ‘एकमेव’ म्हणणं खोटं आहे. किंमत ठरते मूळ फिनिश किती उरली, कारखान्याचं मूळ नोंदणी प्रमाणपत्र सोबत आहे का, आणि कुणाला पाठवल्याची नोंद आहे यांवर. प्रमाणपत्रातली नळीची लांबी आणि साइटचा प्रकार हत्याराशी जुळले पाहिजेत.

‘इतकं जुनं, कागदपत्रं लागत नाहीत’

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलंच ‘अँटिक’ धरतात. सिंगल अ‍ॅक्शन आर्मीत ही सीमा साधारण १,८२,००० क्रमांकापाशी येते. रजिस्टर्ड मॅग्नम त्यात कधीच बसत नाही. ५० वर्षांहून जुन्या हत्यारांसाठी संग्राहकाचा परवाना वेगळा मिळतो. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात, आणि हस्तिदंती मूठ असेल तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क व न्यू जर्सीतले विक्रीचे निर्बंध आधी वाचावेत. एच-वन-बीसारख्या व्हिसावर तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा ठरावीक अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. भारतात चालण्याजोग्या रिव्हॉल्व्हरला, ते कितीही जुनं असलं, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच.