बारा व्होल्टने आग लागत नाही? लागते, आणि ड्रायव्हरच्या पायाशी लागते

श्रावण लागला की पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. दहीहंडी आणि तिच्या मागोमाग गणपती. मिरवणुकीसाठी गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवायचा असतो, आणि कुणीतरी तो मजकूर पुढे ढकलतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला, त्यांतला एक माझा सख्खा भाचा.

मजकूर थोडक्यात असा: गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची, तिने शॉकही बसत नाही आणि आगही लागत नाही. ॲम्प्लिफायरला स्वतःचा फ्यूज असतोच, तेव्हा बॅटरीपाशी दुसरा फ्यूज लावण्यात फक्त दुकानदाराची कमाई, वर त्याने बेस मरतो. घरच्या वायरिंगची चार एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद चार चौरस मिलिमीटर) वायर चालते, तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं असतं. ती दरवाजाच्या फटीतून केबिनमध्ये घ्या, नाहीतर पत्र्याला भोक पाडा आणि टेप गुंडाळा. अर्थ, म्हणजे ॲम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर, कुठल्याही बोल्टला चालते.

मी कुर्ल्यात बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. या मजकुरातलं शॉकचं तेवढं खरं आहे. बाकीचं ऐकून वायर टाकलेल्या गाड्या माझ्या हातांखालून गेल्या आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

पहिला मुद्दा १२ व्होल्टचा. कोरड्या कातडीतून १२ व्होल्ट जाणवेल इतकासुद्धा करंट ढकलत नाहीत, हे मान्य. पण वायर तापते ती तिच्यातून वाहणाऱ्या करंटने, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. याच बॅटरीवर डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरतो आणि त्या क्षणी दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. व्होल्टेज थोडं पडतं हे धरूनसुद्धा ही ताकद घरातल्या २००० वॅटच्या गीझरपेक्षा जास्त भरते. स्टार्टर ती पेलतो, कारण त्याची केबल अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांब असते. तीच ताकद चुकून पेन्सिलीपेक्षा बारीक वायरमधून पत्र्यात गेली, तर वायर चुलीतल्या सळईसारखी लाल होते. बॅटरीवर काम करताना जुने मेकॅनिक बोटातली अंगठी आणि हातातलं कडं का काढून ठेवतात? पान्याचं एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं अंगठीला लागलं, आणि अंगठी निगेटिव्हला किंवा पत्र्याला टेकली, की अंगठी बोटातच तापते. बोट भाजलेला माणूस मी पाहिला आहे. तिथेही १२ व्होल्टच होते.

आता फ्यूज. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

ॲम्प्लिफायरला स्वतःचा फ्यूज असतो हे खरं. पण तो बसलेला असतो वायरच्या शेवटच्या टोकाला. आत काही बिघाड झाला तर तो उडतो, तेवढंच त्याचं काम. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत पिकअपमध्ये चार-पाच मीटर वायर धावते. बॉनेटखालून, पत्र्यातून, सीटखालून. ती मध्येच कुठे सोलली आणि पत्र्याला टेकली, तर करंट बॅटरीतून निघतो, त्या जागेवरून पत्र्यात उतरतो आणि परत बॅटरीत जातो. ॲम्प्लिफायरपर्यंत तो पोहोचतच नाही. मग तिथला फ्यूज उडणार कसा? बॅटरीपाशी लावायचा फ्यूज त्या वायरसाठी असतो. म्हणूनच तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत लागतो, वीतभर अंतरावर लागला तर आणखी बरं. टर्मिनल ते फ्यूज एवढाच तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो, तो जितका आखूड तितका धोका कमी.

दोन पावसाळ्यांपूर्वी वाशीच्या मार्केटमधून दादरला भाजी आणणारी एक पिकअप टो करून माझ्याकडे आणली होती. केबिनमध्ये क्लचच्या बाजूचं मॅटिंग जळालेलं, डॅशच्या खालचं प्लॅस्टिक ओघळलेलं. पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर आत घेतलेली, भोकाच्या कडेवर काळी टेप, बॅटरीपाशी फ्यूज नाही. चालवणारा पोरगा विशीतला. म्हणाला, "काका, चेंबूरला सिग्नलला उभा होतो, पायाला चटका बसला म्हणून खाली बघितलं." गाडी थांबलेली होती म्हणून त्याला उतरता आलं. बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं म्हणून ते ओला गोणपाट धरून उपटता आलं. मी ॲम्प्लिफायर खोलून त्याचे फ्यूज काढले. दोन्ही शाबूत होते. ते दोन फ्यूज मी अजून गल्ल्याच्या खणात ठेवले आहेत. कुणी मला हा मजकूर दाखवला की मी ते त्याच्या हातावर ठेवतो.

फ्यूजने बेस मरतो, याचाही हिशोब करून टाकू. चांगल्या फ्यूजचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ४५ अँपिअर वाहत असताना त्यावर पडतो व्होल्टचा विसावा भाग, तोही जेमतेम. कानाला तो कळत नाही. बेस मरतो बारीक वायरने, आणि तीच वायर हा मजकूर सुचवतो.

५०० वॅटचा आजकालचा क्लास-डी ॲम्प्लिफायर घ्या. पूर्ण आवाजाला तो बॅटरीकडून सव्वासहाशे वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे ४५ अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास-एबी असेल तर ६५ च्या घरात. चार एमएमच्या पाच मीटर वायरमध्ये ४५ अँपिअर सोडले तर जवळजवळ एक व्होल्ट वायरमध्येच संपतो आणि ४४ वॅट उष्णता त्या वायरीत राहते, सीटखालच्या गालिच्याखाली, जिथे वारा नाही. हे सगळं ठीकठाक चालू असताना, शॉर्ट न होता. २१ एमएमची वायर, जिला दुकानात चार गेज म्हणतात, तीच टाकली तर पाच मीटरला व्होल्टचा पाचवा भागही पडत नाही.

आणि ते ११०० व्होल्ट? तो आकडा वायरच्या वरच्या पीव्हीसीचा आहे. किती व्होल्टपर्यंत ती फुटून करंट बाहेर येणार नाही, एवढंच तो सांगतो. आतलं तांबं किती अँपिअर पेलेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. घरात हीच वायर २३० व्होल्टवर गीझर चालवते, कारण तिथे नऊ अँपिअरही लागत नाहीत. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर वाढतात. घरची वायर भिंतीत स्थिर असते, गाडीची दिवसभर थरथरते, हा आणखी एक फरक.

इथे स्वस्त किटबद्दलही सांगायला हवं. लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे चार गेज म्हणून सीसीए वायर मिळते. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. तेवढ्याच जाडीला ती तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच करंट पेलते, आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. ओळखायची कशी? हातात घेतली की हलकी लागते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की परत द्या.

राहिला केबिनमध्ये शिरण्याचा प्रश्न. एक गोष्ट नीट डोक्यात बसली की बाकी सगळं आपोआप कळतं: गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक आहे. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, भोक पाडून तुम्ही पॉझिटिव्ह वायर निगेटिव्हच्या तोंडातून ओढत असता. त्या भोकाची कड सुरीसारखी असते. डिझेल इंजिन हादरतं, पेव्हर ब्लॉकवर गाडी उडते, कड दिवसभर वायरवर करवत चालवते. आणि टेप? बॉनेटखालच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, महिन्याभरात ती सरकते, पुढचं पीव्हीसी कापायला वेळ लागत नाही.

दरवाजाची फट त्याहून वाईट. डिलिव्हरीच्या गाडीचा दरवाजा दिवसात पन्नास-साठ वेळा आपटतो आणि प्रत्येक वेळी वायर बिजागरीपाशी चेंगरते. दरवाजाचं रबर तिथे नीट बसत नाही, मग हिंदमाताला पाणी तुंबलं की केबिनमध्ये पाणी. सोललेल्या ठिकाणी तांब्यावर हिरवा थर चढतो, तो भाग आणखी तापतो.

कंपनीने फायरवॉलमधून स्वतःच्या वायरींचा जुडगा आत नेलेला असतो, त्याला मोठं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं रबराचं कडं, असतं. शक्य असेल तर तिथूनच जा. ग्रोमेटच्या मोकळ्या जागेत दाभणाने, जुडग्याला धक्का न लावता, छोटं भोक करा. साबणाचं पाणी लावा आणि वायर हळू ओढा. जागाच नसेल तर नवं भोक पाडायला हरकत नाही. पण आधी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात घालून बघा: मागे ब्रेकचा पाइप, एसीची नळी, कंपनीच्या वायरी काही नाही ना? ड्रिल दहा मिलिमीटर जास्त आत गेलं की ब्रेकचा पाइप गेला. भोकाची कड कानशीने घासा, उघड्या लोखंडाला रंग लावा, मापाचं रबरी ग्रोमेट बसवा, वरून सिलिकॉन. इंजिनाच्या बाजूला वायरला भोकाच्या खाली येईल असा झोल द्या, म्हणजे पाणी वायरवरून आत न येता झोलाच्या तळाशी गळून जातं. बॉनेटखालचा सगळा तुकडा खाचांच्या फ्लेक्सिबल पाइपात, सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीपासून हातभर लांब. आत आल्यावर पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींच्या जवळपासही नाही.

इंजिन सीटखाली आणि बॅटरी चासिसला बाजूला असलेल्या छोट्या टेम्पोंना फायरवॉलचा हा रस्ता लागू नाही. वायर खालून येते, दगड आणि चिखल खाते, म्हणून पाइप जाड हवा आणि क्लिपा वीत-वीतभरावर. फ्यूजचा नियम मात्र तोच.

फ्यूज किती अँपिअरचा? ॲम्प्लिफायरच्या फ्यूजांची बेरीज करा. दोन तीसचे असतील तर साठ. वायर त्याहून जास्त पेलणारी हवी. मोठा फ्यूज घालून वायर बारीक ठेवली तर फ्यूजच्या आधी वायर वितळेल. उडालेल्या फ्यूजवर तार गुंडाळून डायरेक्ट करणं म्हणजे फ्यूज काढून टाकणंच.

अर्थबद्दल दोनच वाक्यं. पॉझिटिव्हच्याच जाडीची वायर, दीड फुटाहून लांब नको, पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्टने घट्ट. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही नाही, कारण अपघातात माणूस धरून ठेवणारा बोल्ट आहे तो.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. सगळ्या वायरी जोडून झाल्या की फ्यूज बसवा, त्यानंतर निगेटिव्ह.

ज्यांच्या गाडीत अशी वायर आधीच धावते आहे, त्यांनी आगमनाच्या रात्रीची वाट बघू नये. उद्या सकाळी निगेटिव्ह काढा, बॅटरीपासून वायर हाताने चाचपत पत्र्यापर्यंत या आणि भोकापाशी तिला चार बोटं बाहेर ओढून टॉर्चने बघा. तिथे चीर, चपटेपणा किंवा काळा डाग दिसला, तर वरून टेप नको. ती वायर पूर्ण काढा.