रुमाल, खिडकी आणि पंखा: लाकडाच्या धुळीविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

हौसेने घरी सुतारकाम करणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला वारंवार मिळतो. त्याचा आशय असा: चार इंची ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावली की वेगळा सँडर (लाकूड घासण्याचे यंत्र) लागत नाही, घेतलाच, तर त्याला धुळीची पिशवी असतेच, खिडकी उघडून पंखा लावावा आणि तोंडाला रुमाल बांधावा, लाकूड नैसर्गिक असल्याने त्याची धूळ बाधत नाही, आणि कारखान्यातला धूळ ओढणारा मोठा डस्ट कलेक्टर घरात आणण्याचे कारण नाही. यातले शेवटचे विधान बरोबर आहे. बाकीच्यांचा विचार करावा लागेल.

ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते आणि तेही एकाच अक्षाभोवती, त्यामुळे लाकडावर अर्धगोल ओरखडे उठतात. ते कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत. सीलर (लाकडाची रंध्रे बुजवणारा पहिला थर) मारून पॉलिशचा पहिला हात दिला की उजेडात एकेक उठून दिसू लागतात. रँडम ऑर्बिटल सँडरची चकती स्वतःभोवती फिरता फिरता दोन-तीन मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात सरकतही असते, म्हणून पेपरवरच्या कोणत्याही कणाची वाट पुन्हा तीच राहत नाही. प्लायवरचा सागाचा पापुद्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. तेथे ग्राइंडर जरासा कलला तरी खालचा प्लाय उघडा पडतो. पेपरचा पट्टा फिरवणाऱ्या बेल्ट सँडरबद्दलही हेच म्हणावे लागेल: जाड फळी झटपट सपाट करायला तो उत्तम, पण पहिलेच यंत्र म्हणून तो घेऊ नये. घरच्या कामाला १२५ मिलिमीटर चकतीचा, वेग कमी-जास्त करता येणारा रँडम ऑर्बिटल सँडर पुरतो.

पिशवीची गोष्ट अशी की, यंत्रातला छोटा पंखा चकतीच्या भोकांतून धूळ ओढून तिच्यात ढकलतो. जाड भुसा आत राहतो, पण हवा बाहेर जाण्यासाठी कापडाला जी छिद्रे असावीच लागतात त्यांतून बारीक धूळ निसटते, आणि फुप्फुसात खोलवर जाते ती नेमकी हीच. म्हणून सँडर निवडताना वॅटपेक्षा त्याच्या धुळीच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी घट्ट बसते का, हे आधी पाहावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या अवजारांच्या दुकानात नळी सोबत नेऊन लावून पाहणे उत्तम. पेपरची भोके चकतीच्या भोकांवर बसली नाहीत तर ओढ मिळत नाही आणि पेपरही लवकर भरतो.

जून ते सप्टेंबर मुंबईत खिडकी उघडी ठेवून लाकूड घासायला सांगणाऱ्याने बहुधा लाकूड भिजलेले पाहिलेले नाही. इतर महिन्यांत पंखा धूळ घरभर पसरवतो आणि खिडकी ती शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पोहोचवते. रुमालाने बारीक कण अडत नाहीत; चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा एन-९५ मास्क हवा. तोही व्हॅक्यूमच्या जोडीला वापरायचा, त्याच्याऐवजी नव्हे.

‘नैसर्गिक’ हा मुद्दा मात्र सर्वांत घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी तिचा संबंध प्रस्थापित आहे. रोज आठ तास घासणाऱ्या कारागिराला जितका धोका असतो तितका रविवारी तासभर घासणाऱ्याला नाही, हे खरे. पण कारागीर काम संपवून घरी जातो, आणि आपण त्याच धुळीच्या खोलीत झोपतो.

त्यातही ओशिवऱ्याच्या बाजारातून किंवा चोरबाजारातून आणलेले बर्मा सागाचे जुने दार असेल, तर प्रश्न लाकडाचा राहत नाही, रंगाचा होतो. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसे नको, हा नियम २०१६ मध्ये निघून १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारावर एकावर एक चढलेल्या थरांत शिसे असू शकते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. असा रंग सँडरने कोरडा घासूच नये. पेंट रिमूव्हरने मऊ करून स्क्रॅपरने काढावा आणि खरवड ओली असतानाच गोळा करावी.

आता बरोबर असलेल्या विधानाकडे. मोठा डस्ट कलेक्टर रुंद नळीतून भरपूर हवा ओढतो, पण त्याची ओढ जोरकस नसते. सँडरच्या अरुंद तोंडाशी तो निष्प्रभ ठरतो. तेथे वर्कशॉप व्हॅक्यूमच हवा, शक्यतो एम वर्गाचा (मध्यम धोक्याच्या धुळीसाठीचा), कारण त्याच्या फिल्टरमधून ०.१ टक्क्याहून कमी धूळ निसटते. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम यासाठी जुंपू नये: त्याचा फिल्टर लगेच भरतो, आणि बहुतेकांची मोटर त्याच हवेने थंड होत असल्याने ती तापते. मध्ये सायक्लोनची, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारी, बादली जोडली तर बराचसा भुसा तिच्यातच पडतो आणि फिल्टर जास्त टिकतो. सँडर व व्हॅक्यूम मिळून अकराशे वॅटच्या पुढे जात असतील, तर दोन्ही एकाच पाच अँपिअरच्या सॉकेटवर लावू नयेत. पंधरा अँपिअरचे सॉकेट वापरावे.