भाताच्या उडव्या कुणी पेटवल्या?

भाच्याचं शाळेत भाषण आहे, विषय 'निष्ठा'. ताईने फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड त्याला पाठ करायला दिला आणि रविवारी पोहे खाता खाता तो मला ऐकावा लागला. हिरू ओनोदा नावाचा जपानी सैनिक. दुसरं महायुद्ध संपल्याचं कुणी कळवलंच नाही म्हणून फिलिपिन्सच्या जंगलात तीस वर्षं एकटा राहिला, पाला खाऊन जगला, कुणाच्या केसाला धक्का लावला नाही, आणि वरिष्ठाचा हुकूम आल्यावरच शस्त्र ठेवलं.

शेवटचं खरं आहे, नाइलाजाने मान्य. मार्च 1974 मध्ये त्याचा जुना मेजर तानिगुची फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर गेला, तेव्हाच हा शरण आला.

एकटा म्हणे! सोबत तिघे होते. एक 1950 मध्ये शरण गेला, दुसरा 1954 मध्ये मारला गेला, तिसरा कोझुका 1972 च्या ऑक्टोबरात. एकटेपणा भरतो जेमतेम दीड वर्षाचा.

कुणी कळवलं नाही? विमानातून पत्रकं टाकली, 1952 मध्ये घरच्यांची पत्रं आणि फोटोही टाकले. त्याला ते सगळं शत्रूचं कारस्थान वाटलं, हे वेगळं. ट्रान्झिस्टरही होता, त्यावर घोड्यांच्या शर्यती ऐकून तो आणि कोझुका पैजा लावत. हे मी नाही, ओनोदाच सांगतो, 1974 मध्येच आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात.

आता तो केसाचा धक्का. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते पुस्तक उघडून तरी पाहायचं. भात कापून रचलं की हे लोक ते पेटवून द्यायचे, आपण अजून इथे आहोत हे जपानी सैन्याला कळावं म्हणून! कोझुकाला पोलिसांची गोळी लागली तीही असंच भात जाळताना. आपल्या कोकणात खळ्यातली उडवी कुणी पेटवली तर त्याला निष्ठावंत म्हणाल? वर्षभराचं खाणं असतं ते. गाईही गावकऱ्यांच्याच मारून खाल्ल्या, पाला कसला! आणि बेटावरची सुमारे 30 माणसं या टोळीच्या हातून मेली असं सांगितलं जातं. फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष मार्कोसने माफी दिली म्हणून खटला चालला नाही, इतकंच.

आणि हो, असा जंगलात उरलेला तो शेवटचा जपानी सैनिकही नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात इंडोनेशियातल्या मोरोताईवर नाकामुरा सापडला. तोही जपानी सैन्यातलाच, पण तैवानचा आदिवासी. त्याच्यावर फॉरवर्ड काही आला नाही.

"मग मी काय बोलू, मामा?" भाच्याने विचारलं. म्हटलं, त्या शेतकऱ्याच्या उडवीवर बोल. ताई म्हणाली, "परीक्षकांना नाही आवडायचं."