पॅनेल मेलं म्हणून स्पीकर भंगारात घालू नका

सांगली-मिरजेतल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आतच ॲम्प असलेला जुना इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बारीक वाजू लागला की पॅनेल मेलं समजा, भंगारात घाला. घूं आवाज येत असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढा. आणि ॲम्प आतच आहे, प्रीॲम्प कुठलाही चालतो." तिन्ही गोष्टी चूक आहेत. मधली तर जिवावर बेतणारी आहे.

आधी पॅनेल. दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म ताणलेली असते आणि तिच्यावर हजारो व्होल्टचा बायस, म्हणजे कायम टिकवलेला विद्युत दाब, असतो. हा बायस अर्ध्यावर आला की फिल्म धडधाकट असूनही आवाज ६ डेसिबलनं उतरतो. बायस तयार करते ती डायोड-कपॅसिटरची साखळी, आणि चाळीस-पन्नास वर्षांत बहुतेक वेळा तीच आधी थकते. म्हणून प्रथम प्रीॲम्पच्या (आवाज कमी-जास्त करून सिग्नल ॲम्पकडे पाठवणाऱ्या डब्याच्या) मागच्या डाव्या-उजव्या वायरी बदलून बघा. दोष दुसऱ्या स्पीकरकडे सरकला तर स्पीकर निर्दोष आहे. सरकला नाही, तर कान लावून ऐका: सगळी पॅनेलं सारखीच दबली असतील तर संशय बायसवर, एकच दबलं असेल तर त्या पॅनेलवर.

गेल्या श्रावणात विश्रामबागेतल्या एका काकांकडे अशी जोडी बघायला गेलो. डावा स्पीकर 'गेलेला' होता, भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. आम्ही तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. मिरजेच्या तानपुऱ्यांत वाढलेल्या कानाला जवारी, म्हणजे तारेची भरीव गुंजन, लगेच कळते. उजवीकडे ती छान खुलत होती, डावीकडे नुसती तार छेडल्यासारखी वाटत होती. डाव्याजवळ कान नेला तर बारीक चिरचिर. दमट हवेत चार्ज गळतोय, त्याची ही खूण. दोन दिवस खोली बंद करून एसी 'ड्राय'वर ठेवला, चिरचिर थांबली, आवाज बराच वर आला. उरलेली कसर बायस बोर्डाचे डायोड आणि कपॅसिटर बदलल्यावर भरून निघाली. पॅनेलला हातही लावला नाही.

एक कळकळीचं सांगणं: बायस साध्या मल्टिमीटरनं मोजू नका. इतक्या व्होल्टेजसाठी तो बनलेलाच नसतो, शिवाय तो स्वतःच बायस खाली ओढतो आणि आकडा खोटा दाखवतो. बायस मोजायला हाय-व्होल्टेज प्रोब लागतो आणि तो वापरणारा जाणता हात. १९७०च्या दशकात अमेरिकेत अकूस्टॅट आणि बेव्हरिज यांनी काढलेल्या स्पीकरांत तर व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प थेट पॅनेलला जोडलेला असतो. तिथले हजारो व्होल्ट करंटसकट येतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात.

अशा यंत्राची अर्थिंगची पिन काढा म्हणणं मला सहनच होत नाही. आत कुठे गळती झाली की करंट अर्थिंगनं जातो आणि फ्यूज उडतो. पिन काढली की त्याला वाट उरते ती आपल्या शरीरातून. बरेचदा घूं येतो तो वेगवेगळ्या सॉकेटांमुळे झालेल्या अर्थ लूपचा, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमुळे तयार झालेल्या वेढ्याचा. प्रीॲम्प आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्या आणि पुन्हा ऐका.

राहिला प्रीॲम्प. ॲम्प स्पीकरात असल्यानं इथे प्रीॲम्पपासून स्पीकरपर्यंत सिग्नलची वायर लांब जाते, आणि मेसेज लिहिणारा नेमकं हेच विसरलाय. वायरीची कपॅसिटन्स (चार्ज धरून ठेवायची क्षमता) मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर १० मीटरला १००० होतात. नुसता ५० किलोओहमचा पॉट (आवाजाचं फिरतं बटण) असलेला, वीज न लागणारा पॅसिव्ह प्रीॲम्प लावला, तर त्याचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १२.५ किलोओहमपर्यंत चढतो आणि साधारण १३ किलोहर्ट्झला आवाज ३ डेसिबलनं पडलेला असतो. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पची अडचण खालच्या टोकाला. त्याचा आउटपुट कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा आणि स्पीकरचा इनपुट इम्पीडन्स १० किलोओहम असेल, तर ३४ हर्ट्झलाच तेवढी घट होते. म्हणून प्रीॲम्प घेण्याआधी दोन्ही आकडे बघा: स्पीकरचा इनपुट इम्पीडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट हवा, आणि वायर लांब असेल तर आउटपुट काहीशे ओहमच्या घरातला बरा. चालू करताना आधी प्रीॲम्प, तो स्थिरावला की स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर.